टीन बायबल क्विझिंगची राष्ट्रीय स्पर्धा : संघ घेऊन जाताना आणि वेळापत्रक आखताना

अमेरिकेतल्या अनेक मंडळ्यांमध्ये (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये) साधारण सहावी ते बारावीच्या मुलांसाठी बायबल क्विझिंग, म्हणजे पाठ केलेल्या बायबलच्या भागावर संघांमधली प्रश्नोत्तरांची स्पर्धा, चालतं. दरवर्षी पवित्र शास्त्रातला एक भाग ठरतो. बहुतेक वेळा ते नव्या करारातलं एखादं मोठं पुस्तक असतं, नाहीतर चार-पाच पत्रं. शाळा सुरू झाल्या की मुलं पाठांतराला लागतात, महिन्यातून एखाद्या शनिवारी आसपासच्या मंडळ्यांचे सामने होतात, पुढे डिस्ट्रिक्ट, मग रीजन आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत राष्ट्रीय स्पर्धा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस यूथ फॉर ख्राइस्टच्या तरुणांच्या मेळाव्यांतून हा प्रकार रुजला. आज असेम्ब्लीज ऑफ गॉड, चर्च ऑफ द नाझरीन, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स असे वेगवेगळे पंथ आपापल्या नियमपुस्तकाप्रमाणे तो चालवतात. वाशीम-बुलढाण्याकडच्या कुटुंबांना नाझरीन हे नाव आणि अकोल्याकडच्यांना अलायन्स हे नाव घरचंच आहे. तिकडून अमेरिकेत गेलेल्या घरांतली मुलं या स्पर्धेत उतरली तर नवल नाही.

हा लेख दोघांसाठी आहे : पहिल्यांदाच संघ घेऊन जाणाऱ्या पालक-कोचसाठी, आणि ज्याच्या गळ्यात वेळापत्रकाचं काम पडलं आहे त्याच्यासाठी. पाठांतर कसं करावं हे इथे सांगितलेलं नाही. राष्ट्रीय पातळीवर पोचलेल्या मुलांचं पाठांतर पक्कंच असतं. गाडी अडते ती कागदपत्रं, खोल्या आणि घड्याळ यांच्यापाशी. मुलाने वर्षभर केलेल्या कष्टाला न्याय मिळायचा तर तो चांगल्या वेळापत्रकातूनच मिळतो, असं आमचं ठाम मत आहे.

एक सामना कसा चालतो

सामन्यात २० प्रश्न असतात. बहुतेक पंथांत दोन संघ समोरासमोर बसतात, अलायन्सच्या पद्धतीत तीन संघ एकाच वेळी. प्रश्न वाचतो तो क्विझमास्टर. गुण लिहायला स्कोअरकीपर असतो, आणि वेळ बघायला तिसरा माणूस असला तर फार सोपं जातं. खुर्चीवर दाबाने चालणारं पॅड ठेवलेलं असतं. मूल उठलं की वजन हलतं आणि त्याचा दिवा लागतो. काही ठिकाणी पॅडऐवजी हाताने दाबायचा बझर असतो.

नवख्यांना सगळ्यात आधी खटकतं ते हे, की प्रश्न पुरा होण्याआधीच मुलं उठतात. दिवा लागला की क्विझमास्टर शब्दाच्या मध्येच थांबतो. मग उरलेला प्रश्न मुलाने स्वतः पुरा करायचा आणि उत्तरही द्यायचं, सहसा ३० सेकंदांच्या आत. समजा पाठ्यभाग योहानाचं शुभवर्तमान आहे. प्रश्न इंग्रजीत, त्यामुळे ‘हू’ आधी येतो आणि मागोमाग क्रियापद. तेवढ्यावर उठलेल्या मुलापुढे प्रश्न असतो : तिसऱ्या अध्यायात रात्री आलेला निकदेम, की चौथ्या अध्यायातला, मुलगा आजारी असलेला राजाचा अंमलदार? एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) या इंग्रजी भाषांतरात निकदेम येशूकडे ‘केम’ आणि अंमलदार ‘वेन्ट’. वचन शब्दन् शब्द पाठ असलेल्या मुलाला तेवढी खूण पुरते. नुसता आशय पाठ असलेलं मूल इथे फसतं.

गुणांचे नियम पंथागणिक बदलतात. नाझरीन आणि अलायन्स पद्धतीत बरोबर उत्तराला २० गुण. चार उत्तरं बरोबर आली की मूल ‘क्विझ आऊट’ होतं, म्हणजे त्या सामन्यापुरतं त्याचं काम संपलं. तोवर एकही चूक झालेली नसेल तर १० गुण जादा. तीन चुका झाल्या तर बाहेर. असेम्ब्लीज ऑफ गॉडच्या पद्धतीत प्रश्न १०, २० आणि ३० गुणांचे असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे निम्मे गुण कापले जातात. म्हणून दुसऱ्या पंथातल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. एका पद्धतीत जी धिटाई ठरते ती दुसरीत नुकसानीची असते.

जाण्याआधीची तयारी

रीजनचा निकाल लागल्यावर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत फार थोडे आठवडे हातात राहतात. म्हणून संघ पात्र ठरेल असं वाटत असेल तर कागद आधीच जमवायला घ्या.

१. सर्वांत आधी यंदाचं नियमपुस्तक डाऊनलोड करा, मागच्या वर्षीचं नको. इयत्तेची अट, संघातल्या मुलांची संख्या, बदली खेळाडूचे नियम आणि टाइमआऊट हे भाग कोचसोबत कॅप्टननेही वाचायचे. निर्णयाला आव्हान कॅप्टन देतो, कोचला खुर्चीवरून बोलता येत नाही.

२. खेळाडूंची यादी मुदतीच्या निदान आठवडाभर आधी भरा. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. मराठी नावांचं स्पेलिंग इंग्रजीत दोन-तीन प्रकारे होतं. डिस्ट्रिक्टच्या नोंदीत एक आणि राष्ट्रीय नोंदीत दुसरं असलं, की वैयक्तिक गुणांच्या यादीत एकाच मुलाची दोन मुलं होतात.

३. प्रत्येक मुलामागे पालकांचं संमतिपत्र आणि वैद्यकीय उपचारांना परवानगी देणारा फॉर्म लागतो. त्यावर विम्याची माहिती आणि ॲलर्जी लिहा. कागदाची एक प्रत कोचकडे आणि एक दुसऱ्या मोठ्या माणसाकडे ठेवा. दोन्ही प्रती एकाच बॅगेत राहिल्या आणि ती बॅग हॉटेलवर राहिली, तर आयत्या वेळी काहीच हाताशी नसतं.

४. मुलांसोबत राहणाऱ्या मोठ्यांची पार्श्वभूमी तपासणी बहुतेक पंथांत सक्तीची आहे. तिला दिवस लागतात. आई-बाबांपैकी ऐनवेळी कोणी बदली येऊ शकेल असं वाटत असेल, तर त्यांचीही तपासणी आधीच करून घ्या.

५. पाठांतर ठरलेल्या भाषांतराच्या ठरलेल्या आवृत्तीवरूनच झालं आहे ना, हे बघा. एनआयव्हीची १९८४ ची आणि २०११ ची आवृत्ती कित्येक वचनांत वेगळी आहे. घरातल्या कपाटात जुनी प्रत असते, फोनवरच्या ॲपमध्ये नवी. धाकट्याने ताईच्या जुन्या पुस्तकावरून पाठ केलं, तर वचन जसंच्या तसं म्हणायच्या प्रश्नात तो अडकणारच. अर्थ समजावताना मराठी बायबल जरूर उघडा. आजी-आजोबांबरोबर मराठीतून वाचलेला अध्याय मुलाच्या मनात पक्का बसतो. पण घोकंपट्टी इंग्रजी प्रतीवरूनच होऊ द्या.

प्रवासाचं एकच सांगतो. शक्यतो पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. कॅलिफोर्नियातून पूर्व किनाऱ्यावर गेलेल्या मुलाला तिथले सकाळचे आठ म्हणजे घरचे पहाटेचे पाच. पहिल्या दोन फेऱ्यांत उठायला अर्धा क्षण उशीर झाला की सामना गेला, आणि मग अभ्यासच कमी पडला असं मुलाला उगीच वाटत राहतं.

स्पर्धेच्या ठिकाणी

स्पर्धा बहुधा पंथाच्या कॉलेजच्या आवारात किंवा मोठ्या हॉटेलात असते. नोंदणीच्या टेबलावर यादी तपासून घ्या. ‘बरोबर आहे’ म्हणून सही करण्याआधी प्रत्येक नाव, इयत्ता आणि कॅप्टनच्या नावापुढची खूण डोळ्यांनी बघा. नंतर दुरुस्ती होत नाही, झालीच तरी फार खटपट करावी लागते.

हातात पडलेल्या वेळापत्रकात एका ओळीत सहसा चार गोष्टी असतात : फेरीचा क्रमांक, वेळ, संघांचे सांकेतिक क्रमांक आणि खोली. ‘फेरी ५, १०:४५, अ३ विरुद्ध अ८, खोली २१४’ असं लिहिलं असेल, तर तुमचा संघ अ३ की अ८ हे आधी शोधा आणि आपल्या सगळ्या ओळींवर हायलायटर फिरवा. मग एकदा मुलांना घेऊन त्या खोल्या चालून या. २१४ नंबरची खोली दोन इमारतींत असू शकते. एका इमारतीतून दुसरीत जायला सात मिनिटं लागतात हे आदल्या संध्याकाळी कळलेलं बरं.

सामन्याच्या पाच मिनिटं आधी दारात उभे राहा. खुर्च्यांची चाचणी होते तेव्हा प्रत्येक मुलाने खरोखर जसं बसतो तसं बसून आणि उठून बघायचं. हडकुळं मूल खुर्चीच्या पुढच्या काठावर बसलं तर पॅड नीट दाबलं जात नाही आणि दिवा आपोआप लागतो. चाचणीत हे सापडलं तर खुर्ची बदलून मिळते. सहाव्या प्रश्नाला सापडलं तर ती चूक मुलाच्या नावावर लागू शकते.

बघायला बसलेल्यांनी हातवारे, मान डोलावणं, ओठ हलवणं यांतलं काहीही करू नये. सुजाण पालकही नकळत मान हलवतात, म्हणून मागच्या रांगेत बसणं चांगलं. फोन बंद ठेवा. रेकॉर्डिंगला सहसा बंदी असते, त्याचं कारण पुढे येईलच.

टाइमआऊट सहसा एका मिनिटाचा असतो आणि संघाला मोजकेच मिळतात. मुलं गांगरली आहेत असं वाटताच तो घ्या. शेवटच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेला टाइमआऊट बऱ्याचदा तसाच राहून जातो. त्या मिनिटात पाणी द्या, एकच सूचना द्या आणि गप्प बसा. आव्हान देताना कॅप्टनने ‘आमचं बरोबर होतं’ असं म्हणून चालत नाही. वचनाचा क्रमांक सांगून, त्यातले कोणते शब्द उत्तराला आधार देतात हे दोन वाक्यांत मांडावं लागतं. याचा सराव घरी करून घ्या. आव्हान फेटाळलं गेलं तरी क्विझमास्टरचे आभार मानायला शिकवा. बहुतेक पंच हे दुसऱ्या मंडळ्यांमधले स्वयंसेवक असतात आणि सकाळपासून उभे असतात.

वेळापत्रक : आधी आकडेमोड

आता दुसऱ्या बाजूला येऊ. वेळापत्रक करणाऱ्याने संगणकाला हात लावण्याआधी कागदावर तीन आकडे लिहावेत : संघ किती, खोल्या किती, पंच (क्विझमास्टर आणि स्कोअरकीपर) किती. यांत सर्वांत लहान आकडा बहुतेक वेळा पंचांचा असतो, आणि लोक हिशेब मात्र संघांपासून सुरू करतात.

प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर सामन्यांची संख्या काढायला संघांच्या संख्येला त्याहून एक कमी संख्येने गुणा आणि दोनाने भागा. ४० संघ एकाच गटात टाकले तर ७८० सामने आणि ३९ फेऱ्या. अशक्य. १०-१० चे चार गट केले तर प्रत्येक गटात ४५, म्हणजे एकूण १८० सामने आणि नऊ फेऱ्या. एका फेरीत एका गटाचे पाच सामने एकाच वेळी, म्हणून खोल्या लागतात २०. प्रत्येक खोलीत क्विझमास्टर आणि स्कोअरकीपर धरले तर ४० माणसं. शिवाय चार खोल्यांमागे एक बदली, म्हणजे आणखी पाच. ही ४५ माणसं नावानिशी, फोन नंबरासह हातात आल्याशिवाय २० खोल्यांचं वेळापत्रक छापू नका. ‘तिथे कोच आहेतच, कुणीतरी बसेल’ यावर भरवसा ठेवला, तर तो कोच आपल्याच संघाच्या सामन्याला हजर राहू शकत नाही आणि दोन खोल्या एकदम अडतात.

दहा संघांचं कोष्टक हाताने करता येतं. १ नंबरचा संघ जागेवर ठेवायचा आणि बाकीचे नऊ त्याच्याभोवती एकेक घर सरकवायचे. पहिली फेरी : १-१०, २-९, ३-८, ४-७, ५-६. दुसरी : १-९, १०-८, २-७, ३-६, ४-५. असंच पुढे नऊ फेऱ्या. संघ विषम असले, समजा नऊ, तर दहावा ‘बाय’ धरा. त्याच्यासमोर जो येईल त्याला त्या फेरीत विश्रांती. कोष्टक झालं की खोल्या नेमताना मात्र हात चालवावा लागतो. जसं आहे तसं छापलं तर पहिला संघ दिवसभर एकाच खोलीत बसतो आणि बाकीचे आवारभर धावतात. एका गटाच्या पाच खोल्या एकाच मजल्यावर ठेवल्या की निम्मा त्रास संपतो.

तीन संघांच्या सामन्यांचं गणित वेगळं आणि फार सुंदर आहे. नऊ संघ असतील तर अवघ्या चार फेऱ्यांत, तीन खोल्यांत, प्रत्येक संघ उरलेल्या आठही संघांना बरोबर एकदा भेटतो :

फेरी १ : १-२-३, ४-५-६, ७-८-९
फेरी २ : १-४-७, २-५-८, ३-६-९
फेरी ३ : १-५-९, २-६-७, ३-४-८
फेरी ४ : १-६-८, २-४-९, ३-५-७

बारा सामन्यांत सगळं आटोपतं. १५ संघांसाठीही अशी रचना आहे : सात फेऱ्या, पाच खोल्या, ३५ सामने. थॉमस कर्कमन या इंग्रज पाळकाने १८५० मध्ये १५ शाळकरी मुलींच्या रांगांचं कोडं मांडलं होतं, ते हेच. पण १०, ११ किंवा १४ संघांना प्रत्येक जोडी तिघांच्या सामन्यात बरोबर एकदा भेटेल असं कोष्टक बनतच नाही. तिथे काही जोड्या दोनदा भेटणार किंवा भेटणारच नाहीत, आणि ते कोचना आधी सांगून टाकलेलं चांगलं. वरचं नऊ संघांचं कोष्टक पुण्यात किंवा अहिल्यानगरात चार-पाच मंडळ्यांच्या तरुण संघांनी एका दिवसाची स्पर्धा ठेवली तर जसंच्या तसं वापरता येईल. लेखी पेपर गोळा करण्यापेक्षा मुलांना समोरासमोर बसवण्यात कितीतरी जास्त रंगत आहे.

एका फेरीला किती वेळ

एका प्रश्नाला पाऊण ते एक मिनिट धरा, म्हणजे २० प्रश्नांना १५ ते २० मिनिटं. दोन्ही संघांचे टाइमआऊट मिळून चार मिनिटं, एखादं आव्हान दोन-तीन मिनिटांचं, सुरुवातीची खुर्च्यांची चाचणी दोन मिनिटं. साखळी फेरीला ३० मिनिटांचा गाळा यासाठीच हवा. पंचवीसमध्ये बसवण्याचा मोह होतो, कारण कागदावर दिवस लवकर संपतो. प्रत्यक्षात एक सामना आठ मिनिटं लांबला की त्यातले दोन्ही संघ पुढच्या दोन खोल्यांना उशीर करतात, त्यांतले चार संघ त्याच्या पुढच्या फेरीत आणखी खोल्यांना, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खी स्पर्धा मागे पडते.

यावर उपाय एकच, दर तीन फेऱ्यांनंतर १५ मिनिटं मोकळी सोडायची. साडेआठला सुरुवात, तीन फेऱ्या दहापर्यंत. सव्वादहाला चौथी, सहावी संपते पावणेबाराला. जेवण एकपर्यंत. उरलेल्या तीन फेऱ्या अडीचला आटोपतात. मोकळी १५ मिनिटं छापील वेळापत्रकात ‘विश्रांती’ म्हणून दाखवा, पण तिथे प्रार्थना, घोषणा, सत्कार असलं काहीही घुसवू नका. ती जागा उशीर गिळण्यासाठीच आहे. अंतिम सामन्यांना ४५ मिनिटं द्या. तिथे आव्हानं जास्त येतात आणि ती ऐकून घेतलीच पाहिजेत.

प्रश्नसंच आणि गुप्तता

एका फेरीत सगळ्या खोल्यांत एकच प्रश्नसंच वाचला जातो, म्हणजे सगळ्यांना सारखेच सोपे-अवघड प्रश्न येतात. आता रेकॉर्डिंगला बंदी का, ते लक्षात येईल. आणि फेरी सगळीकडे एकदम का सुरू करावी लागते, तेही. एखादी खोली २० मिनिटं मागे राहिली तर बाहेर आलेल्या मुलांच्या गप्पांतून तिथले प्रश्न फुटतात. मुलं मुद्दाम सांगत नाहीत. ‘अरे, तो चौथ्या अध्यायातला प्रश्न मला यायला हवा होता’ एवढंच जिन्यात कुणीतरी बोलतं.

यातून एक मोठी अडचण उभी राहते ती खोल्या कमी असल्या की. समजा २० ऐवजी १२ च खोल्या मिळाल्या. मग दोन गट आधी आणि दोन नंतर, अशा पाळ्या लावाव्या लागतात, आणि साखळीला साडेचार तासांच्या जागी नऊ तास लागतात. वेळ वाढला हे सगळ्यांना दिसतं. पण दोन पाळ्यांना एकच संच चालणार नाही, नऊच्या जागी १८ संच लागतील, हे मात्र ऐन स्पर्धेत लक्षात येतं. प्रश्न लिहिणाऱ्यांना खोल्यांचा आकडा महिनाभर आधी कळवा. अशा वेळी उरलेल्या दोन खोल्या राखीव ठेवा, पॅड बिघडलं की सामना तिकडे हलवता येतो.

प्रत्येक संचात २० शिवाय काही जादा प्रश्न हवेत, कारण वाचण्यात चूक झाली किंवा बाहेरून आवाज आला तर प्रश्न रद्द करून दुसरा घ्यावा लागतो. शिवाय तीन-चार पूर्ण संच बंद पाकिटात मुख्य टेबलावर ठेवा. राहून गेलेला सामना नंतर खेळवायचा झाला तर तो याच संचावर. संच प्रत्येक फेरीला वाटा. सकाळीच नऊ पाकिटांचा गठ्ठा दिला तर कुणीतरी तिसऱ्या फेरीत चौथं पाकीट उघडतं, आणि मग तो संच सगळ्याच खोल्यांसाठी बाद होतो.

गट पाडणं आणि बरोबरी सोडवणं

मानांकनाप्रमाणे पहिले चार संघ अ, ब, क, ड या क्रमाने, पुढचे चार ड, क, ब, अ असे उलटे, पुन्हा सुलटे. असं नागमोडी वाटप केलं की गटांची ताकद साधारण सारखी राहते. एकाच डिस्ट्रिक्टचे दोन संघ शक्यतो वेगळ्या गटांत टाका. ते जमलंच नाही तर त्यांचा आपापसातला सामना पहिल्या फेरीतच ठेवा. शेवटच्या फेरीत एक संघ आधीच पुढे गेलेला आणि दुसऱ्याला विजयाची गरज, असा प्रसंग आला तर दोन्हीकडची मुलं कितीही प्रामाणिक असोत, कुजबुज होतेच. मुलांवर ती वेळ आणू नका.

बरोबरीचे नियम पहिल्या फेरीआधी कोचच्या बैठकीत वाचून दाखवा. नेहमीचा क्रम असा : विजय, मग आपापसातला निकाल, मग एकूण गुण. तीन संघ अडकले आणि पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला हरवलं असेल तर आपापसातला निकाल उपयोगाचा नाही, थेट गुणांवर जा. तरीही बरोबरी राहिली तर मोजक्या प्रश्नांचा छोटा सामना. निकाल लागल्यावर नियम ठरवायला बसलात, तर कोणताही नियम एका संघाच्या विरोधातच दिसेल.

वैयक्तिक बक्षिसांसाठी एकूण गुण न धरता सामन्यामागे सरासरी धरा, कारण बायमुळे सगळ्यांचे सामने सारखे होतीलच असं नाही. एखादा संघ आलाच नाही तर समोरच्याला विजय द्या, पण त्यांना प्रश्न वाचून दाखवायची सोय नियमांत असेल तर तीही करा. नुसता विजय मिळालेल्या संघातल्या मुलांचा वैयक्तिक गुण मिळवायचा एक सामना हातचा जातो. आणि एखाद्या संघाने स्पर्धेच्या सकाळी माघार घेतली तर कोष्टक नव्याने करायला बसू नका. त्याच्या जागी बाय लिहा आणि पुढे चला. नवं कोष्टक केलं की जुना कागद घेऊन फिरणारे निदान दोन संघ चुकीच्या खोलीत जाऊन बसतात.

बाद फेरी

साखळीतून १६ संघ पुढे आले आणि दोन पराभवांनंतर बाहेर अशी पद्धत ठेवली, तर ३० सामने लागतात. एकही सामना न हरता आलेला संघ अंतिम सामन्यात हरला तर ३१. दोन्ही बाजू (अजून न हरलेल्या संघांची आणि एकदा हरलेल्या संघांची) एकाच वेळी चालवल्या तर हे आठ गाळ्यांत बसतं, नववा राखून ठेवावा लागतो. म्हणजे प्रश्नसंचही नऊ. साखळीचे नऊ, हे नऊ, राखीव चार, असे २२ संच हाताशी हवेत. पहिल्या गाळ्यात आठ खोल्या लागतात, पण पाचव्यात दोनच पुरतात. त्यामुळे मोकळे झालेले चांगले पंच घरी सोडू नका. मोठ्या सामन्यांत दोन पंच शेजारी बसवले तर आव्हानांचा निकाल लवकर लागतो. मागे पडलेल्या २४ संघांसाठी त्याच वेळी दुसरी छोटी स्पर्धा ठेवा. देशाच्या दुसऱ्या टोकाहून आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी नुसतं बघत बसवणं बरोबर नाही, आणि खोल्या मोकळ्या असतातच.

बाद फेरीत पुढचा प्रतिस्पर्धी आधी माहीत नसतो, म्हणून वेळापत्रकात संघाच्या नावाऐवजी ‘सामना १२ चा विजेता’ असं येतं. नवखे इथे हमखास गोंधळतात. स्कोअरशीटच्या तळाशीच छापून ठेवा : ‘विजेता : सामना २१, ११:००, खोली ३. पराभूत : सामना २४, ११:३०, खोली ७.’ स्कोअरकीपरने दोन्ही कॅप्टनना ती ओळ वाचून दाखवायची, त्यांच्याकडून वदवून घ्यायची, आणि मगच कागद मुख्य टेबलाकडे पाठवायचा. टेबलावर दोन माणसं हवीत. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने भरायचे. स्कोअरशीटचा फोटो काढून ठेवल्याशिवाय मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नये.